मोट, पवनचक्की, पंप : सातारा-सांगलीत तीन दिवस

पहिला दिवस : लिंब

साताऱ्याहून पुण्याच्या दिशेनं महामार्ग धरला की पंधरा-सोळा किलोमीटरवर लिंब फाटा लागतो. तिथून आत वळून गावाच्या पुढं, शेतांच्या मधोमध बारा मोटांची विहीर आहे. रस्त्यावरून तिचा मागमूस लागत नाही. पायऱ्या उतरून कमानीखाली गेल्यावरच तिचा आवाका कळतो. सकाळी लवकर पोचावं, कारण ऊन तिरपं असतं तेव्हाच दगडातलं कोरीव काम उठून दिसतं. सप्टेंबरअखेर पाणी बरंच वर असतं. ज्यांना विहिरीची खोली डोळ्यांनी पाहायची आहे त्यांनी एप्रिल-मेमध्ये यावं.

ही विहीर शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. तसा शिलालेख तिथं आहे. काळ थोरल्या शाहू महाराजांचा. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून दुसरा चौकोनी भाग, आणि वरून पाहिलं तर सगळा आकार शिवपिंडीसारखा. व्यास सुमारे ५० फूट, खोली सुमारे ११०. दोन्ही भागांच्या मध्ये चक्क एक छोटा महाल बांधलेला आहे. खांबांवर गणपती, हनुमान, हत्ती, घोडेस्वार कोरलेले. येणारे बहुतेक लोक हा महाल पाहतात, फोटो काढतात आणि परत जातात.

पण विहिरीचं नाव महालावरून पडलेलं नाही, मोटांवरून पडलंय. त्यासाठी वर जावं लागतं, काठावर. एका वेळी बारा मोटा चालतील अशी सोय या काठावर केलेली आहे आणि ती समजून घ्यायला महालापेक्षा जास्त वेळ द्यायला हवा.

मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी आणि तिला खालून निघालेली चामड्याचीच नळी, म्हणजे सोंड. पिशवीच्या तोंडाला लोखंडी कडं. पिशवी उचलणारा जाड दोर तो नाडा. तो उंचावरच्या मोठ्या चाकावरून जातो. सोंडेच्या टोकाला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर. तो खाली, काठाला लागून बसवलेल्या आडव्या लाकडी रुळावरून, म्हणजे कण्यावरून जातो. दोन्ही दोरांची दुसरी टोकं बैलांच्या जुवाला. काठाच्या जमिनीकडच्या बाजूला दगडी थारोळं, म्हणजे पाणी झेलणारं कुंड, थारोळ्यातून पाट. आणि बैलांना चालायला विहिरीपासून लांब उतरत गेलेली वाट, तिला धाव म्हणतात.

आता चाल पाहा. बैल धावेच्या वरच्या टोकाला, विहिरीकडं पाठ करून उभे. मोट पाण्यात बुडून भरली की ते उतारावरून पुढं चालू लागतात. मोटकरी नाड्यावर बसतो, म्हणजे त्याचं वजनही ओढायला लागतं. मोट वर येत असताना सोंड पिशवीला चिकटून वर दुमडलेली असते. ती तशी राहते कारण सोंदूर नाड्यापेक्षा नेमक्या मापानं आखूड ठेवलेला असतो. पिशवी काठाच्या वर आली की ती मोठ्या चाकाकडं चढत राहते आणि सोंड मात्र कण्यावरून थारोळ्याकडं ओढली जाते. क्षणभरात सोंडेचं तोंड पिशवीच्या खाली येतं आणि सगळं पाणी भसकन थारोळ्यात पडतं. मोट वाकवायला कुणी माणूस लागत नाही. मग बैल उलटे, मागच्या मागं धावेवर चढतात आणि मोट पुन्हा खाली जाते.

सगळी करामत त्या दोन दोरांच्या लांबीतल्या फरकात आहे. सोंदूर जरा लांब झाला तर मोट वर येतानाच सोंड खाली लोंबते आणि निम्मं पाणी विहिरीतच परत जातं. जरा आखूड झाला तर सोंड वेळेआधी कण्यावर ताणली जाते, शिवणीवर जोर येतो आणि चामडं तिथंच फाटतं. त्यात नवा दोर ओला होऊन आटतो, जुना दोर ताणून वाढतो. म्हणून मोटकऱ्याला दर काही दिवसांनी गाठ सरकवून माप जुळवावं लागे. हे माप कुठल्या दगडावर कोरलेलं नसतं.

धावेचंही तसंच. उतार नसेल तर बैलाला स्वतःच्या वजनाचा फायदा मिळत नाही, सगळी ओढ खांद्यावर येते. उतार फार असेल तर मागं सरताना बैलाचे मागचे पाय भरून येतात. धावेची लांबी पाण्याच्या खोलीइतकी तरी हवीच, नाहीतर मोट थारोळ्यापर्यंत पोचणारच नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की नाडा वाढवायचा आणि धावही पुढं वाढवायची. जुन्या विहिरींच्या धावा शेतात लांबवर गेलेल्या दिसतात त्या यासाठी.

थोडा हिशेब करून पाहू. मोट १५० लिटरची धरली, पाणी १५ मीटर खोल धरलं आणि एका फेरीला, भरण्या-ओतण्यासकट, दीड मिनिट धरलं, तर तासाला ४० फेऱ्या, म्हणजे ६,००० लिटर. बारा मोटा एकदम चालल्या तर ७२,००० लिटर. ५० फूट व्यासाच्या या विहिरीत पाणी एक फूट उतरणं म्हणजे साधारण ५५,००० लिटर. म्हणजे झऱ्यांची आवक सोडली तर बारा मोटा तासाला सुमारे सव्वा फूट पाणी उपसणार. विहिरीचा व्यास एवढा मोठा का ठेवला आणि शेजारी आणखी एक भाग का जोडला, याचं उत्तर इथं मिळतं. अरुंद विहीर असती तर बारा जोड्या तासाभरात बसून राहिल्या असत्या.

या विहिरीतून मोठ्या आमराईला पाणी दिलं जाई. आमराईला सतत थोडं पाणी लागत नाही. पाळी आली की एकदम भरपूर लागतं. बारा मोटांची गरज त्यातून आली असावी, असं आमचं मत आहे.

आता जे तिथं दिसत नाही त्याबद्दल. दगड तीनशे वर्षं टिकले. चामडं थोडीच वर्षं टिकतं. दोर त्याहून कमी. ढोर समाजातली माणसं चामडं कमावत, चर्मकार मोट शिवत, मातंग समाजातली माणसं अंबाडीचे, तागाचे दोर वळत, सुतार बाभळीचं चाक करी, लोहार कडं आणि आस. विहिरीच्या शिलालेखात बांधून घेणाऱ्यांचं नाव आहे. पण ही माणसं नसती तर विहीर म्हणजे नुसता भरलेला खड्डा राहिली असती, आणि त्यांची नावं कुठंच नाहीत. पुढं चामड्याच्या पिशवीच्या जागी पत्र्याची मोट आली, सोंड तेवढी चामड्याची राहिली. ती पत्र्याची मोट अजून काही गावांत गोठ्याच्या मागं गंजत पडलेली सापडते. दिसली तर भंगारात देऊ नका, ही विनंती.

चामड्याची मोट वापरात असेपर्यंत चांगली राहते. बंद ठेवली की बिघडते. सुकली की कडक होते, घडीवर भेगा पडतात, उंदीर शिवण कुरतडतात. म्हणून पावसाळ्यात काम नसताना तिला तेल चोळून, पेंढा भरून, टांगून ठेवत. लाकडी चाकाचं तसंच. चाक फिरत राहिलं तर आसाला एरंडेल लागत राहतं. उभं राहिलं की पाणी एकाच जागी मुरतं आणि तिथं कुजतं.

दगडी कामाच्या जपणुकीबद्दल दोन गोष्टी, कारण जुन्या विहिरींवर उत्साहानं दुरुस्ती करणाऱ्या मंडळांकडून याच दोन चुका होतात. पहिली, पिंपळ उपटणं. सांध्यात रुजलेला पिंपळ ओढून काढला की मूळ दगडासकट येतं आणि वरचा दगडांचा थर सैल होतो. रोप बोटाएवढं असतानाच काढावं. मोठं झालं असेल तर बुंध्यापाशी कापावं आणि पुन्हा फुटेल तेव्हा पुन्हा कापावं. दोन-तीन वर्षं चिकाटी ठेवली की मूळ थकतं. मग तेवढे दगड खुणा करून उतरवायचे, मूळ काढायचं आणि दगड त्याच जागी परत बसवायचे. विहिरीचं पाणी वापरात असेल तर तणनाशकाला हात लावू नये.

दुसरी चूक सिमेंटची. चुन्याचा सांधा भिंतीतला ओलावा बाहेर सोडतो. सिमेंट सोडत नाही. ओलावा मग दगडातून वाट काढतो, क्षार दगडाच्या तोंडाशी साचतात आणि दगडाचे पापुद्रे निघतात. सांधा शाबूत राहतो आणि दगड झिजतो. व्हायला हवं नेमकं उलटं. चुना करायचा तर चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, पाण्यात विरवून किमान पंधरा दिवस, जमल्यास महिनाभर पाण्याखाली मुरवायची. एक भाग मुरलेल्या चुन्याला दोन भाग वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी) मिळून. मिश्रण घाणीत मळायचं. पूर्वी गोल दगडी चरात बैलानं फिरवलेलं दगडी चाक असे, ती चुन्याची घाणी. गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालत ते चिकटपणासाठी आणि हळू आवळण्यासाठी. जुना सांधा एक-दोन इंच खरवडून, भिजवून, मग नवा चुना दाबून भरायचा. त्यावर ओलं गोणपाट दहा-पंधरा दिवस. भर उन्हाळ्यात हे काम केलं तर चुना वरवर सुकतो आणि बोटानं खरवडला की पीठ होतो. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने सगळ्यात चांगले.

दुसरा दिवस : चाळकेवाडीचा सडा

सातारा शहरातून समर्थ मंदिराकडून बोगदा ओलांडला की रस्ता उरमोडीच्या खोऱ्यात शिरतो. उजवीकडं सज्जनगड, पुढं घाट चढून ठोसेघर. धबधबा इथं आहेच, पण तो परतीच्या वाटेवर ठेवावा. आणखी वर गेलं की झाडी संपते, जांभ्या दगडाचा उघडा सडा सुरू होतो आणि पवनचक्क्या दिसू लागतात. चाळकेवाडी आणि पुढं वनकुसवडे. पठाराची उंची सुमारे १,१५० मीटर. पश्चिमेला खाली कोयनेचा शिवसागर जलाशय. हवा स्वच्छ असेल तर एकाच ठिकाणी उभं राहून महाराष्ट्राच्या विजेचे दोन काळ दिसतात : खाली १९६२ पासून वीज देणारी कोयना, आणि वर १९९० च्या दशकाअखेरीस उभ्या राहू लागलेल्या या चक्क्या.

आपण त्यांना पवनचक्की म्हणतो खरं, पण त्यात चक्की नाही. दळणारं जातं नाही, दगड नाही. नाव युरोपातल्या जुन्या पवनचक्कीवरून आलंय आणि ती खरोखर दळायची. तिचं ओझरतं वर्णन इथं करायलाच हवं, कारण जपणूक कशी असते ते तिच्याकडूनच शिकण्यासारखं आहे.

हॉलंडची जुनी पवनचक्की मुख्यतः दोन कामं करी. एक धान्य दळणं, दुसरं पाणी उपसणं. मात्र त्यांचा उपसा आपल्या उलट. आपण खोल विहिरीतलं पाणी शेतात आणतो, तिथं समुद्रसपाटीखालच्या शेतातलं पाणी कालव्यात बाहेर टाकायचं असतं. किंडरडाइकला अशा १९ चक्क्या रांगेनं उभ्या आहेत, बहुतेक १७४० च्या आसपासच्या, म्हणजे लिंबच्या विहिरीच्या पिढीतल्या. चार पात्यांच्या लाकडी चौकटी, त्यांवर कापड पसरलेलं. वारा मंद असेल तर सगळं कापड उघडायचं, जोराचा असेल तर गुंडाळायचं. वाऱ्याची दिशा बदलली की चक्कीचा वरचा टोप माणसानं फिरवून पाती वाऱ्यासमोर आणायची. आत लाकडी दात्यांची चाकं, वादळात थांबवायला लाकडी ब्रेक. ब्रेक जास्त वेळ घासला तर चक्की पेटते, म्हणून वारा फार वाढायच्या आतच ब्रेक लावून चक्की थांबवायची आणि मग एकेका पात्यावरचं कापड उतरवायचं. हे सगळं हातानं, आभाळाकडं बघून.

किंडरडाइक १९९७ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं. पण आमच्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट २०१७ ची. त्या वर्षी युनेस्कोनं तिथल्या पवनचक्की आणि पाणचक्की चालवणाऱ्यांचं कसब वारसा म्हणून नोंदवलं. इमारतीचा वारसा वेगळा, कसबाचा वेगळा. त्याची पायाभरणी फार आधीची. चक्क्या वाचवण्यासाठी संस्था १९२३ साली निघाली, आणि १९७२ मध्ये हौशी चक्कीवाल्यांचा संघ झाला, जो नव्या माणसांना चक्की चालवायला शिकवतो, परीक्षा घेतो. आज तिथं हजारावर चक्क्या उभ्या आहेत आणि त्यातल्या कित्येक फिरतात, कारण फिरवणारा तयार केलेला आहे. लिंबला विहीर आहे. मोट हाकणारा नाही, मोट शिवणारा नाही, आणि त्यांना तयार करण्याचा विचारही नाही. आपली उणीव दगडात नाही, इथं आहे.

आता सड्यावर परत. इथल्या चक्कीला तीनच पाती का, हा प्रश्न हटकून विचारला जातो. पाती जितकी जास्त तितका मंद वाऱ्यात जोर जास्त पण फिरण्याचा वेग कमी. पाती कमी असली की वेग जास्त मिळतो आणि वीज करायला वेग लागतो. तीन पात्यांवर तोल नीट राहतो. फायबरग्लासची पाती हळू फिरतात, मागच्या खोक्यातली गिअरपेटी ती गती वाढवून जनित्राला देते. खोक्यावर मागं एक छोटं वेगमापक आणि दिशादर्शक असतं. त्याच्या सांगण्यावरून मोटर सगळं खोकं वाऱ्याकडं वळवते. हॉलंडमध्ये माणूस टोप फिरवी, तेच काम. वारा साधारण सेकंदाला साडेतीन-चार मीटर झाला की वीज सुरू, आणि २५ मीटरच्या पुढं गेला की यंत्र स्वतःला बंद करून घेतं. पात्याखाली उभं राहिलं की दर फेऱ्याला तीन वेळा एक जड श्वास ऐकू येतो, हूप... हूप... हूप. एखाद्या पात्याचा आवाज बाकी दोघांपेक्षा वेगळा, शिट्टीसारखा आला तर त्याची कड झिजलेली किंवा चिरलेली असते. पावसाचे थेंब आणि वाऱ्यातली धूळ पात्याची पुढची कड वर्षानुवर्षं खरवडत असतात. दुसरा मोठा शत्रू आभाळातली वीज. उघड्या सड्यावर सगळ्यात उंच पातंच असतं. पात्याच्या टोकाजवळ धातूची गुंडी आणि आतून तार असते, जी वीज जमिनीत नेते. ती तार तुटली की पातं टोकाकडून उकलतं.

वाऱ्याचं गणित एकच लक्षात ठेवलं तरी पुरे : वेग दुप्पट झाला की ताकद आठपट. म्हणून जागेची निवड एवढी महत्त्वाची. अरबी समुद्रावरून येणारा मोसमी वारा सह्याद्रीच्या कड्यावर आपटून वर उसळतो आणि या सड्यावर सुसाट वाहतो. जून ते सप्टेंबर सगळ्यात जास्त. डिसेंबर-जानेवारीत पुष्कळ चक्क्या नुसत्या उभ्या दिसतात. त्या बिघडल्यात असं नाही, वाराच नसतो.

इथंच आणखी एक प्रश्न सुटतो. पाणी उपसायला आपल्याकडं पवनचक्क्या का रुजल्या नाहीत? प्रयत्न झाले होते. अमेरिकेत १८५४ साली हॅलाडे यानं शेपटीनं आपोआप वाऱ्याकडं वळणारी पाणउपशाची चक्की काढली आणि पुढं लोखंडी चक्क्या तिथल्या माळरानावर पसरल्या. आपल्याकडं बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेनं १९६० च्या आसपास असं यंत्र घडवलं. नंतर १२ पीयू ५०० नावाचं आलं, म्हणजे १२ पाती आणि ५०० सेंटिमीटर व्यास. आराखडे चांगले होते. अडचणी दुसऱ्याच होत्या.

पहिली, ऋतूची. वारा पावसाळ्यात आणि पाणी हवं फेब्रुवारी ते मे. धान्य दळायला हे चालतं, दळण थांबू शकतं. उभं पीक थांबत नाही. मोट बैलावर चाले, म्हणून बाराही महिने हाताशी होती.

दुसरी, उपशाची. पाच मीटर व्यासाच्या चक्रातून सेकंदाला चार मीटरचा वारा जात असेल तर त्यात सुमारे ७०० वॉट ताकद असते. पाणी उचलायला त्यातली दहा ते पंधरा टक्के लागू पडते. २० मीटर खोलीतून त्यात तासाला तेराशे ते एकोणीसशे लिटर पाणी येईल. जनावरांना, घराला, थोड्या भाजीपाल्याला पुरेल. उसाला नाही.

तिसरी अडचण देखभालीची. अशा चक्कीखाली दट्ट्याचा पंप असतो. वरचं चक्र भुजेनं लांब सळई खालीवर करतं आणि दट्ट्या पाणी उचलतो. दट्ट्याचा पहिला उचल सगळ्यात जड असतो, म्हणून मंद वाऱ्यात चक्र सुरूच होत नाही. त्यावर उपाय म्हणून दट्ट्याला बारीक भोक ठेवतात. हळू चालताना पाणी भोकातून परत जातं, भार कमी राहतो, आणि वेग धरला की तेवढी गळती नगण्य ठरते. वाळूनं चामडी वायसर घासतो, मग चक्र फिरतं पण पाणी येत नाही. खालचा झडपा गळला की रोज सकाळी नळी रिकामी. सळईचा सांधा सैल राहिला की आटे कापले जातात. आणि सगळ्यात घातक म्हणजे शेपटीची बिजागरी. वारा फार झाला की शेपूट दुमडून चक्र आडवं व्हायला हवं. बिजागरी गंजली की ते होत नाही आणि जूनच्या पहिल्या वादळात पाती वाकतात. बिजागरीला वर्षातून दोनदा वंगण पुरतं. पण त्यासाठी दहा मीटर चढावं लागतं, आणि चढणारा नेमलेला नसतो.

परतण्याआधी पायाखालीही पाहावं. जांभ्यावर मातीचा थर बोटभर असतो आणि सप्टेंबरमध्ये त्यात रानफुलं दाटलेली असतात. गाडी रस्त्याखाली उतरवू नये, चाकाची चाकोरी तिथं वर्षानुवर्षं राहते. याच सड्यावर पंख्यासारखा गळा फुलवणारा सरडा राहतो. २०१६ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं ते सारडा सुपर्बा, आणि त्यातलं सारडा आपल्या मराठीतूनच घेतलंय. उन्हाळ्यात नर दगडावर चढून निळा-काळा-केशरी गळा फुलवतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इथं असं आढळलं की चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपटीनं कमी आहेत, त्यामुळं सरडे वाढलेत, पण ते कमी बुजरे आणि रंगानं फिके आहेत. स्वच्छ विजेचा हाही हिशेब मांडायलाच हवा.

पहिल्या पिढीतल्या छोट्या चक्क्या आता उतरवून मोठ्या बसवण्याची वेळ आलीय. केंद्राचं तसं धोरण २०१६ मध्ये एक मेगावॉटपर्यंतच्या यंत्रांसाठी आलं, २०२३ मध्ये ते दोन मेगावॉटखालच्या यंत्रांना लागू झालं. लोखंड-तांबं भंगारात जाईल, फायबरग्लासची पाती सहजी वितळत नाहीत, ती पुरली जातील किंवा पडून राहतील. आमचं म्हणणं एवढंच, की त्यातली एक चक्की राखावी. खोकं खाली उतरवून, एक बाजू कापून, गिअरपेटी आणि जनित्र दिसेल असं ठोसेघरच्या वाटेवर ठेवावं. शाळेच्या सहली धबधब्याला येतातच. आज ती टाकाऊ वाटते. पत्र्याची मोटही १९७० साली टाकाऊच वाटली होती.

तिसरा दिवस : किर्लोस्करवाडी

कराडवरून ताकारीमार्गे किर्लोस्करवाडी. रेल्वेनं यायचं तर पुणे-मिरज मार्गावर याच नावाचं स्थानक आहे. कारखाना चालू आहे, त्यामुळं आत जायचं तर आधी परवानगी घ्यावी.

मोट बंद कशी पडली याचं उत्तर या माळावर आहे. बेळगावातून उठावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी ही जागा दिली आणि १९१० मध्ये निवडुंग तोडून वसाहत उभी राहिली. आधी लोखंडी नांगर, कडबा कापायचं यंत्र, उसाचा चरक, आणि १९२० च्या दशकात पंप. लोखंडानं जमीन नासते असं म्हणत सुरुवातीला शेतकरी नांगराला हात लावत नसत. पंपाच्या बाबतीत तसं फार झालं नाही. पाच अश्वशक्तीचा पंप १५ मीटरवरून तासाला ४० हजार लिटरच्या आसपास पाणी देतो, म्हणजे सहा-सात मोटांचं काम, आणि त्याला वैरण लागत नाही.

पण पंपालाही एक हद्द आहे. काठावर ठेवलेला पंप पाणी ढकलतो पुष्कळ उंच, खालून ओढतो मात्र ठरावीकच. हवेचा दाब पाण्याला जास्तीत जास्त १०.३ मीटर चढवू शकतो, व्यवहारात सहा-सात मीटर. म्हणून खोल विहिरीत पंप आत, पाण्याच्या जवळ, तुळईवर किंवा कोनाड्यात बसवत. पावसाळ्यात पाणी चढलं की रातोरात पंप बुडे, मग चेनकप्पी लावून वर काढायचा. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे नळीच्या तळाची झडप, गळला की पंप हवा धरतो, बादलीनं पाणी ओतून पुन्हा भरावा लागतो. जुन्या दगडी विहिरींच्या भिंतीत नंतर फोडलेले कोनाडे, ठोकलेले रूळ दिसतात ते या काळातले. सबमर्सिबल आल्यावर तेही संपलं, आणि बोअरची खोली ठरवायला बैलाची दमछाक उरली नाही.

ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांत कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं दुष्काळी पठारावर चढवतात. शब्द तोच, उपसा. कवठेमहांकाळकडं ढालगावच्या माळावर पुन्हा पवनचक्क्या लागतात. तिथं वारा वीज देतो आणि वीज पाणी चढवते. चक्की आणि विहीर यांच्यामध्ये फक्त तारा आल्या.

परतीच्या वाटेवर कुठल्याही गावात थांबलात तर एक काम करण्यासारखं आहे. जुनी मोटेची विहीर असेलच. वही घ्यावी. धावेची लांबी आणि दोन टोकांच्या उंचीतला फरक मोजावा. थारोळ्याची लांबी-रुंदी-खोली, चाकाच्या दगडी खांबांमधलं अंतर, कण्याच्या खाचा जमिनीपासून किती उंच, हे टेपनं मिळतं. काठाच्या दगडावर दोरानं पडलेली घळ असेल तर तिच्यात बोट घालून खोली घ्यावी. मोटेचा पत्रा सापडला तर पाणी ओतून किती लिटर बसतं ते पाहावं. मग मोट हाकलेला माणूस शोधावा. तो आता सत्तरी-ऐंशीच्या पुढचा असणार. त्याला सगळ्यात आधी विचारायचं ते हेच : या विहिरीवर नाड्यापेक्षा सोंदूर किती हात आखूड ठेवायचा, आणि गाठ कशी मारायची. दोर हातात देऊन विचारावं. तोंडानं सांगता येत नाही ते हात दाखवतात. गाठ मारत असताना व्हिडिओ बोटांच्या जवळून घ्यावा, चेहरा नंतर.